रुमाल टाकलेली जागा

‘हे नाव राखीव आहे, वापरू नये’ अशी पिवळी ओळ तनुजाच्या पडद्यावर पहिल्यांदा उमटली तेव्हा वीरेश पोटात होता, आणि ताटावरची माशी हाकलावी तशी तिने ती हाकलून लावली होती. काम चालतंय ना? मग झालं तर. लाल ओळ आली की प्रोग्राम बंद पडतो. पिवळी नुसतीच कुरकुरते. घरात एखादं कुरकुरणारं माणूस असतं म्हणून कुणी चूल विझवून बसत नाही.

आता वीरेश दहा महिन्यांचा झाला होता. लातूरच्या स्थानकात, नांदेडच्या गाडीत, आईच्या कडेवरून तो शेजारच्या बाईच्या बांगड्या ओढत होता आणि आईला बसायला जागा नव्हती. म्हणजे एक होती, खिडकीजवळची. पण तिच्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल पडलेला होता.

“तिथं माणूस हाय,” मागच्या सीटवरचा एक दाढीवाला म्हणाला. “रुमाल टाकलाय, दिसंना का?”

“कुठे आहेत पण ते?”

“येतेल की. रसवंतीवर गेले असतेल.”

बांगड्यावाली बाई उसळली. “अगं माय! लेकरूवाली बाई उभी, आन् रुमाल बसून निघाला नांदेडला! तिकीट काढलंय का वो रुमालाचं?”

गाडीत हशा पिकला. तनुजा मात्र तशीच उभी राहिली. कुणी येऊन भांडलं तर? भांडणात लेकराला धक्का लागला तर? तिने वीरेशच्या कपाळाला हात लावून पाहिला. मघाशीच पाहिला होता.

“आन् हे टोपरं कशाला घातलं ह्या उकाड्यात?” बाई म्हणाली. “लेकरू शिजवायलाव का?”

“वारं लागेल म्हणून.”

“वारं! लातूरचं वारं कुनाला लागलंय आजवर?”

कंडक्टर आत चढला. दाढीवाल्याने त्याला लगेच गाठलं. “मास्तर, रुमालाचा धनी येस्तोर गाडी थांबवा.”

“आन् एवढी माणसं काय उन्हात वाळत घालू?”

“मग ह्या बाईला मागच्या गाडीनं येऊ द्या.”

“काहून? तिकिटाचे पैसे तुमच्याकडून घेऊ का?” कंडक्टरने रुमाल उचलला. फेकला नाही. नीट घडी घातली आणि समोरच्या सीटच्या दांडीला गाठ मारून बांधला. “बसा ताई. धनी आला तर बघू. न्हाई आला तर नांदेड. रुमाल हितंच ऱ्हाऊ द्या, कुनाचा तरी हाय.”

तनुजा बसली, पण सीटच्या कडेवर. गाडी थांबली की दाराकडे पाहायची. चाकूर मागे पडलं तरी निळा रुमाल घेणारा कुणी आला नाही. वीरेशला झोप लागली. छाती खालीवर होतेय ना, ते पाहून तिने मान टेकवली, तोच फोन वाजला.

“ताई, कुठवर आलाव?” आदर्श होता. नांदेडच्या त्यांच्या तीन माणसांच्या कंपनीतला धाकटा. तनुजा बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिचं काम त्याने उचललं होतं आणि आता ती परतत असताना ते खाली ठेवायला तो फारसा राजी नव्हता.

“चाकूर गेलं. का रे?”

“मुरुडच्या एका पेटीच्या नावानं अख्खी फाइल अडकलीय. एक लेबल निघंना. उज्वला सिस्टर सकाळधरून फोन करून राहिल्यात.”

तनुजा ताठ बसली.

पेट्या दुधाच्या होत्या. आयांच्या दुधाच्या. लातूरजवळच्या मुरुडच्या केंद्रात ज्या बायांना दूध जास्त येतं त्या ते काढून देत. तिथून ते लातूरच्या दूधपेढीत येई, तपासलं जाई, उकळीच्या खालीच तापवून गोठवलं जाई आणि मग नांदेडला, दिवस पुरे भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या कक्षात, उज्वला सिस्टरांकडे पोचे. पेटीमागोमाग एक फाइलही येई. कोणती पेटी, कधीचं दूध, तपासणीत काय निघालं. नांदेडच्या संगणकाने ती फाइल वाचली की लेबल छापलं जायचं. लेबलाशिवाय सिस्टर थेंब देत नसत. हा नियम तनुजाला मनापासून पटत होता. कुणाचं न तपासलेलं दूध वीरेशला दिलं असतं तर तिने दवाखाना डोक्यावर घेतला असता.

फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात. पहिला पार्सर तनुजानेच बसवला होता. दूध देणाऱ्या आईचं नाव गुप्त ठेवायचं असतं, म्हणून मुरुडच्या लोकांनी आपली एक रीत पाडली होती. तिच्या बाळाच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर, मग मुरुडचा एम, लातूरचा एल आणि पुढे पेटीचा आकडा. एएमएल, टीएमएल, एसएमएल. फाइलमध्ये पेटीची नोंद याच नावाने उघडायची आणि याच नावाने बंद व्हायची. आणि मधूनच कधीतरी यायचं एक्सएमएल.

फाइल ज्या भाषेत लिहिलेली, तिचंही नाव तेच. आणि त्या भाषेने आपल्या नावाने सुरू होणारी सगळी नावं स्वतःसाठी राखून ठेवली आहेत. पुढेमागे लागली तर असावीत म्हणून. पिवळी ओळ त्याचीच होती. एक्सने सुरू होणारं नाव मुरुडात कोणत्या बाळाचं असेल, हा प्रश्न तनुजाला तेव्हा पडला नव्हता असं नाही. पडला, आणि कामात बुडाला.

“पण ती तर पिवळी ओळ होती,” ती फोनवर म्हणाली. “फाइल अडायची नाही.”

“तुमच्या वेळंला होती. काल नवा पार्सर बसवला. म्यां लिहिलाय. राखीव नाव दिसलं की फाइल परत.” आवाजात थोडा अभिमान होताच. “नियम म्हंजी नियम, ताई.”

“जुना लाव परत.”

“न्हाई लावता येत. चोरवाट निघाली त्याच्यात, दवाखान्यानंच काढायला लावला.”

“मग लातूरला सांगून पेटीचं नाव बदलून घे.”

“फाइलवर पेढीची सही हाय. एक अक्षर हाललं की सही तुटती. आन् पेटीवर तेच नाव. बदलायचं मनलं तर नव्यानं तपासणी. दोन दिवस.”

एवढ्यात उज्वला सिस्टरांचाच फोन मध्ये आला. त्यांचा आवाज नेहमी हसरा असायचा, आज नव्हता.

“तनुजा, ऐक. काल एक मुलगी आलीय. तळहातावर मावेल एवढी. आई बेशुद्ध आहे, दूध यायचा प्रश्नच नाही. डब्याचं दूध तिच्या आतड्याला झेपायचं नाही, डॉक्टर नको म्हणतात. आणि मला कुठलीही पेटी चालणार नाही. कमी दिवसांच्या बाळाला कमी दिवसांत बाळंत झालेल्या बाईचं दूध लागतं. तशी एकच पेटी आहे, मुरुडची. वितळवून ठेवलीय. आज नाही वापरली तर फेकून द्यावी लागेल.”

“कोणती पेटी?”

“तीच. तुमचा संगणक जिला घाबरलाय ती.”

तनुजाने मांडीवरच्या वीरेशकडे पाहिलं. झोपेत तो ओठ हलवत होता, दूध पीत असल्यासारखा. तिने एका हाताने त्याला धरलं आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर त्या भाषेचे मूळ नियम उघडले. कॉलेजात हे वाचायला सांगितलं होतं. तेव्हा तिने कुणाच्या तरी टिपणांवर भागवलं होतं. अहमदपूर आलं, गेलं. बांगड्यावाली बाई म्हणाली, “एवढं काय बगायलाव मोबाइलात? घरी भांडन झालं काय?” तनुजाने मान हलवली. ती आता सीटवर पूर्ण टेकून बसली होती, आणि दाराकडे पाहायचं विसरली होती. दांडीला बांधलेला रुमाल खड्ड्याखड्ड्याला डुलत होता.

लोहा येईस्तोवर तिला हवं ते सापडलं होतं.

नांदेडला वजिराबादेत चष्म्याच्या दुकानावर कंपनीची खोली होती. जिना चढून ती आत गेली, वीरेशला आदर्शच्या टेबलावर बसवलं आणि श्वास न घेता म्हणाली, “तुझा पार्सर चुकलाय.”

“पाणी तर प्या, ताई.”

“नंतर.”

आनंदराज सर आतून आले. कंपनी त्यांची, बोलणं कमी, कपाळावर आठी कायम. “चूक कशी? राखीव नाव वापरायचं नसतं, हे तर तुम्हीच मला शिकवलं होतं.”

“लिहिणाऱ्याने वापरू नये, सर. पण वाचणाऱ्याने काय करावं, ते वेगळं आहे.” तिने मोबाइल पुढे केला. “हे बघा. कोणत्या चुकीवर थांबलंच पाहिजे, ते नियमांत ठरवून दिलंय. नोंद उघडली आणि बंद केली नाही, थांबा. एकात एक अडकल्या, थांबा. राखीव नाव त्यांच्यात नाही. उलट नावाच्या पुढे जोडायच्या शब्दांबद्दल तर स्वच्छ लिहिलंय की राखीव दिसला म्हणून वाचणाऱ्याने ती जीवघेणी, काम थांबवणारी चूक धरू नये.”

आदर्शने वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, “पण उद्या भाषेनं त्या नावाला काही अर्थ दिला तर? आपली पेटी भलतंच होऊन बसंल.”

“उद्या ना? आज धनी आलाय का?”

“कोन धनी?”

मग तिने रुमालाची गोष्ट सांगितली. दाढीवाला, बांगड्यावाली, दांडीला मारलेली गाठ, सगळं. सांगताना ती कंडक्टरसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि वीरेशला ते फार आवडलं.

“तुम्ही बाळंतपणाला गेल्ता का एसटीच्या ट्रेनिंगला?” आदर्श हसला. पण हसता हसता त्याने की-बोर्ड जवळ ओढला होता. “बरं, असं करू. ती एक पेटी वगळतो, बाकीच्या वाचून घेतो. अर्ध्या तासात लेबलं निघतेल. गाडी बी चालू, नियम बी ऱ्हायला.”

सरांनी मान डोलावली. तनुजाला हे थांबण्यापेक्षाही वाईट वाटलं. फाइल थांबली तेव्हा निदान सिस्टरांना कळलं तरी. वगळली असती तर पडदा हिरवा झाला असता, सगळे चहा प्यायला गेले असते, आणि फ्रीजमध्ये एक पेटी विनालेबल पडून राहिली असती.

“म्हणजे बाईला खाली उतरवायचं,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “आणि उतरवलं हे कुणाला सांगायचंही नाही. आदर्श, कुणीतरी अंगावरचं दूध काढून दिलंय. ते तपासून झालंय. त्याच्यात काही खोट नाही. आपण नुसतं नाव बघून ते मोरीत ओतायचं? आणि त्या मुलीला काय पाजायचं, नियम?”

वीरेशने टेबलावरचं पेन खाली टाकलं. सर वाकले, पेन उचललं, वीरेशच्या हातात परत दिलं. त्याने ते पुन्हा टाकलं.

“मोकाट सोडायचं नाही पण,” सर म्हणाले.

“मोकाट नाहीच. दार उघडं असेल, म्हणजे नोंद बंदच केली नसेल, तर गाडी हलता कामा नये, तिथे मी स्वतः आडवी पडेन. पण सीटवरच्या रुमालासाठी गाडी थांबवायची नाही, आणि बसलेल्याला उतरवायचंही नाही. आहे त्या नावाने पेटी वाचायची, जशीच्या तशी. आणि रुमाल बांधून ठेवायचा. पिवळी ओळ काढायची नाही, सर. ती कुणाला तरी दिसली पाहिजे.”

“करा,” सर म्हणाले. “पण आधी तुटक्या फाइली घालून बघा. दार उघडं असलं की थांबतं, हे मला दिसू द्या.”

दोघं शेजारी शेजारी बसली. तिने सांगावं, त्याने लिहावं. मग त्याने लिहावं आणि तिने नुसतं “हां” म्हणावं. तनुजाने मुद्दाम एक नोंद अर्धवट सोडलेली फाइल घातली. लाल. थांबला. दोन नोंदी एकमेकींत अडकवल्या. लाल. थांबला. एकदा ती चुकीची फाइल घालू लागली तेव्हा आदर्शने तिचा हात धरून थांबवला, आणि एकदा तो घाईत एक ओळ गाळत होता तेव्हा तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. वीरेश सरांच्या मांडीवर चष्म्याची दांडी चावत होता, आणि त्या दांडीवर किती जंतू असतील हे तनुजाच्या डोक्यात आलं नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदाच.

“आता खरी,” आदर्श म्हणाला.

सकाळपासून अडलेली फाइल आत गेली. सही जुळली. पेट्या एकेक करून उतरू लागल्या, एएमएल, टीएमएल, एसएमएल. मग एक पिवळी ओळ चमकली. ओळ जागच्या जागी राहिली आणि फाइल तिच्या बाजूने, भरल्या गाडीसारखी, पुढे निघून गेली. हिरवं.

फोन वाजला तो उज्वला सिस्टरांचा.

“निघालं! लेबल निघालं!” मागे प्रिंटरची घरघर ऐकू येत होती. “ठेवते. हात रिकामे नाहीत.”

मग नुसतं बसून राहणं आलं. सरांनी चहा मागवला आणि प्यायलं कुणीच नाही. दुसरा फोन आला तेव्हा आदर्शने झडप घालून स्पीकर लावला.

“घेतलं पोरीनं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचं हसू परत आलं होतं. “नळीतून, थेंब थेंब. उलटलं नाही. पोटात राहिलंय. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी पुन्हा द्या. अजून नाव नाही ठेवलेलं तिचं, पण हट्टी निघणार बघा!”

आदर्शने “आबाबाबा!” अशी आरोळी ठोकली आणि वीरेशला उचलून थेट खांद्यावर बसवलं. तनुजाने “अरे, पंखा!” म्हणून किंकाळी फोडली, आणि मग ती स्वतःच हसत सुटली. सर खाली जाऊन पेढे घेऊन आले. “तनुजा मॅडम,” पेढा पुढे करत ते म्हणाले, “पार्सर उद्यापासून तुमच्याकडे.” आदर्शने तोंड वाकडं केलं, आणि मोठा पेढा स्वतः उचलला. “माझ्याकडं बी,” तो म्हणाला. “कंडक्टर एक, ड्रायव्हर एक.”

दुपारच्या शांततेत ती पिवळी ओळ पडद्यावर तशीच होती. या वेळी तनुजाने ती हाकलली नाही. आदर्श म्हणालाच होता की मुरुडला सांगून पुढच्या पेट्यांना दुसरं अक्षर लावून घेऊ. तिने मुरुडच्या केंद्राचा नंबर फिरवला. केवळाबाईंनी उचलला. या तिथल्या जुन्या आयाबाई. पेट्या भरणं, नावं टाकणं, बायांना पाणी देणं, सगळं त्याच बघत.

“केवळामावशी, नांदेडहून तनुजा बोलतेय, संगणकवाली. एक विचारायचं होतं. एक्स लावता ना तुम्ही कधी कधी, ते कोणत्या बाळाचं नाव?”



“बाळ न्हाई ना, माय,” केवळाबाई म्हणाल्या. “बाळ गेलेलं असतंय. दूध काय थांबतंय व्हय लगेच? मग त्या अक्षराच्या जागी काय लिवावं? रिकामी सोडली तर तुमची मशीन घेईना. मनून मंग फुली मारायलो.”

तनुजाचा हात आपोआप वीरेशकडे गेला. तो खुर्चीत झोपला होता, टोपरं न घालता.

“ही आत्ताची बाई लई कवळी हाय,” केवळाबाई सांगत होत्या. “दिवस भरले नव्हते तिचे. एकाआड एक दिस येती. दूध देती आन् बाकड्यावर बसून ऱ्हाती. मी मनते, बाई, घरी जा. मनती, घरी जाऊन काय करू मावशी, छाती भरून येती, हितं मोकळी केली की बरं वाटतंय. नाव मातर सांगायचं न्हाई मला, नेम हाय तसा.”

“नका सांगू.”

“पोचलं का तिचं दूध?”

“पोचलं, मावशी. पोटात राहिलं.”

“असं मनता?” केवळाबाईंचा आवाज एकदम तरुण झाला. “मंग सांगते तिला. कुनाला दिलं ते न्हाई सांगत. पोचलं एवढंच.” मग म्हणाल्या, “अक्षर बदलायचं का? आर्डर आली तर बदलू आमी.”

तनुजाने खिडकीबाहेर पाहिलं. दांडीला बांधलेला तो रुमाल आता कुठे असेल, गाडी परत लातूरच्या वाटेला लागली असेल.

“नाही मावशी,” ती म्हणाली. “राहू द्या. गाडी जाते आता.”

फोन ठेवून तिने पार्सर उघडला. पिवळी ओळ अजून तेच म्हणत होती, ‘हे नाव राखीव आहे, वापरू नये.’ तिने ती पुसली. आदर्श मागे येऊन उभा राहिला. पुढे ज्या कुणाच्या पडद्यावर ही ओळ उमटेल, लातुरात, नांदेडात, दिवसा, घाईत, त्याच्यासाठी तिने नवी लिहिली:

‘हे नाव राखीव आहे. काम थांबवू नका, पेटी वगळू नका. फक्त ही ओळ हाकलून लावायच्या आधी मुरुडला एक फोन करा. नाव विचारू नका, ते सांगणार नाहीत. बाकड्यावर एक बाई बसली असेल. ती जेवली का, एवढं विचारा.’